शहराचा उकिरडा आणि शेजारचें शिवार

शेतकऱ्याच्या घरीं उकिरडा ही लाजेची वस्तु कधींच नव्हती. शेण, राख, गव्हाणींतला उरलासुरला चारा, भाजीचीं देठें व घरांतला केर ज्या खड्ड्यांत पडे, त्याच खड्ड्यांतून उन्हाळ्यांत गाड्या भरून खत शेतांत जाई. ‘बारा वर्षांनीं उकिरड्याचाहि पांग फिटतो’ ही म्हण आपणां सर्वांस ठाऊक आहे. शहराच्या उकिरड्याची गोष्ट मात्र निराळी झाली आहे. बारा सोडाच, तीस वर्षें लोटलीं तरी त्याचें खत झालें नाहीं; उलट त्याच्या आसपासच्या गांवांची हवा नासली आणि विहिरींचें पाणी पिण्याच्या कामाचें राहिलें नाहीं. हें कां घडलें, आणि आपल्या शिवारावर तीच पाळी येऊं नये म्हणून काय करावें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

शहराचा कचरा हा शहरवाल्यांचा प्रश्न, त्याच्याशीं जमीनवाल्या शेतकऱ्याचा संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध जवळचा आहे. शहर वाढतें तसतशी कचऱ्यासाठीं जागा शहराबाहेर, म्हणजे कोणाच्या तरी शेताशेजारीं किंवा गांवच्या गायरानांत, शोधली जाते. आम्ही राहतों ती बिबवेवाडी एके काळीं पुण्याच्या दक्षिणेस असलेली लहानशी वाडी होती. आज ती शहरांत पुरी मिसळली असून गुलटेकडीचें मार्केट यार्ड तिला लागून आहे. आपल्यापैकीं कित्येकांचा भाजीपाला, कांदा व फळें या यार्डांत येतात. तो माल घरोघर जातो, आणि त्याचीं सालें, देठें व उरलेलें अन्न दुसऱ्या दिवशीं कचऱ्याच्या गाडींत जातें. म्हणजे शिवारांतून जें शहरांत आलें तेंच रूप बदलून पुन्हां शिवाराकडे निघतें. तें खत होऊन गेलें तर शेतकऱ्याचें कल्याण; घाण होऊन गेलें तर त्याचेंच नुकसान.

पूर्वीची चाल :— शहराची घाण शेतांत जाणें ही नवी कल्पना नव्हे. मुठेचा उजवा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत वाहूं लागल्यावर पुण्याच्या पूर्वेस उसाचे मळे वाढले, आणि शहरच्या मैल्याचें राखेंत मिसळून केलेलें सोनखत बागाईतदार विकत नेऊं लागले. पुढें सर आल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनीं इंदूर येथें १९२४ ते १९३१ या काळांत प्रयोग करून कंपोस्ट खताची रीत बसविली व १९३१ सालीं ती ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. त्या रीतीचें सार थोडक्यांत असें: ओला व वाळलेला पदार्थ थराथरानें रचावा, ओलावा बेताचा ठेवावा, आणि ढीग अधूनमधून परतून त्यास हवा द्यावी. हवेंत जगणारे सूक्ष्म जंतू ढीग तापवितात. उष्णता साठ अंशांपर्यंत चढते. तणांचें बीं व रोगजंतू मरतात. आणि सुमारें तीन महिन्यांत, मातीसारखा वास येणारें काळें भुसभुशीत खत हातीं येतें. १९३९ च्या सुमारास डॉ. आचार्य यांनीं बंगलोर येथें शहरच्या कचऱ्यासाठीं खड्ड्यांची निराळी रीत बसविली.

त्या काळीं शहरच्या टोपलींत होतें तरी काय? राख, भाजीपाला, पत्रावळी, शेण, चिंध्या, फुटकीं मडकीं. कुजण्याजोगें होतें तें कुजे; उरलेलें बांधावर वेंचून टाकतां येई. आज त्याच टोपलींत प्लॅस्टिकच्या पिशव्या, बाटल्या, विजेरीचे सेल, औषधांच्या पट्ट्या, रंगाचे डबे व फुटके दिवे पडतात. कचरा वाढला हें खरें. परंतु आमच्या मतें मूळ दोष वाढण्यांत नसून मिसळण्यांत आहे. निवडलेला ओला कचरा हें खताचें कच्चें द्रव्य होय. तोच प्लॅस्टिकांत कालविला कीं त्याचें खतहि होत नाहीं आणि तो स्वस्थहि बसत नाहीं.

ढिगांत काय घडतें :— कुजणें दोन प्रकारचें असतें, हवेशीर आणि कोंडलेलें. इंदूर पद्धतीच्या ढिगांत पहिला प्रकार घडतो, शहराच्या उंच ढिगांत दुसरा. वर पडणाऱ्या कचऱ्याच्या भारानें खालचे थर दबतात, पिशव्यांमुळें हवा आंत शिरत नाहीं, आणि हवेवांचून जगणारे जंतू फोफावतात. ते मिथेन व कार्बन डायऑक्साइड हे दोन वायू जवळजवळ निम्मेनिम तयार करतात. ज्यांच्या घरीं गोबरगॅसवर चूल चालते त्यांस मिथेनची ओळख आहेच. गोबरगॅसच्या टाकींत तो कह्यांत असतो; ढिगांत त्यास मालक नसतो. हवेंत त्याचें प्रमाण शेंकडा ५ ते १५ झालें कीं एका ठिणगीनें त्याचा भडका होतो. इंग्लंडांतील लॉस्को या गांवीं १९८६ सालीं जुन्या भरावांतील वायू जमिनींतून झिरपत शेजारच्या घरांत सांठला व स्फोट होऊन तें घर कोसळलें. ढिगावर माती लोटली म्हणजे काम संपलें, असें नाहीं हें यावरून दिसतें.

मिथेनला वास नाहीं. वास येतो तो त्याच्याबरोबर निघणाऱ्या इतर वायूंचा. कुजक्या अंड्यासारखा हायड्रोजन सल्फाइडचा, डोळ्यांस झोंबणारा अमोनियाचा, आणि सडक्या कोबीसारखा गंधकयुक्त इतर वायूंचा. यांचें प्रमाण अल्प असतें, पण नाक त्यांस फार लवकर ओळखतें. हिंवाळ्यांत रात्रीं जमिनीलगतची हवा थंड व जड होते आणि तिच्यावर ऊबदार हवेचा थर झांकणासारखा बसतो. त्यामुळें वास व धूर वर न जातां वस्तींतच कोंडून राहतात. पहाटे जो वास असह्य वाटतो तोच दुपारीं वारा सुटल्यावर जाणवत नाहीं. तक्रार ऐकून दुपारीं पाहणीस आलेल्या अधिकाऱ्यास कांहीं आढळलें नाहीं, तर तक्रार खोटी ठरत नाहीं. पाहणीची वेळच चुकलेली असते.

पावसाळ्यांत तिसरी आपत्ति येते. पावसाचें पाणी ढिगांतून गाळून काळें होऊन तळाशीं पाझरतें. यासच लिचेट म्हणतात. त्यांत क्षार, अमोनिया, कुजलेल्या द्रव्याचे अंश आणि सेल-रंगांतील जड धातू असूं शकतात. आपल्याकडील काळ्या पाषाणांत पाणी सारखें पसरत नाहीं; तें मुरूम, भेगा व सांधे यांच्या वाटेनें जातें. म्हणून एकाची विहीर बिघडते आणि तिच्या शेजारची सुटते. शेजाऱ्याचें पाणी चांगलें आहे यावरून आपल्या पाण्याबद्दल निश्चिंत राहूं नये.

प्रकृतीवर परिणाम :— वासानें माणूस मरत नाहीं, असें म्हणून पुष्कळदां हा प्रश्न हंसण्यावारी नेतात. परंतु रोजच्या दुर्गंधीनें डोकें दुखणें, मळमळणें, झोंप न लागणें व अन्नावरची वासना उडणें या तक्रारी होतात, आणि दम्याच्या रोग्यास तर ती फारच बाधते. हायड्रोजन सल्फाइडची आणखी एक खोड अशी कीं, त्याचें प्रमाण फार वाढलें असतां नाकाची गंध ओळखण्याची शक्तीच बधिर होते. कोंडलेल्या खड्ड्यांत किंवा गटारांत उतरलेल्या माणसास वास येईनासा झाला तर धोका टळला असें नव्हे, धोका वाढला असें समजावें. इटलींतील लाझियो प्रांतांत नऊ कचरा-भरावांच्या पांच किलोमीटर परिघांत राहणाऱ्या सुमारें २,४२,००० लोकांची पाहणी २०१६ सालीं प्रसिद्ध झाली. ज्यांच्या राहत्या जागीं या वायूचें प्रमाण अधिक होतें, त्यांच्यांत फुप्फुसाच्या कर्करोगानें होणारे मृत्यू आणि श्वसनाच्या विकारांसाठीं इस्पितळांत दाखल होणें अधिक आढळलें. एका पाहणीनें शेवटचा निकाल लागत नाहीं; तथापि वास म्हणजे केवळ गैरसोय, हें म्हणणें यापुढें टिकणारें नाहीं.

वासाहून धूर वाईट. ढिगास लागलेली आग ज्वाळेनें जळत नाहीं. ती आंतल्या आंत दिवसेंदिवस धुमसते. अशा मंद आगींत प्लॅस्टिक, रबर व चिंध्या अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड, बारीक काजळी आणि, विशेषतः क्लोरीनयुक्त प्लॅस्टिकांतून, डायॉक्सिन नांवाचीं विषारी द्रव्यें निघतात. हीं चाऱ्यावर बसतात, गुरांच्या चरबींत व दुधांत उतरतात, आणि तेथून माणसाच्या शरीरांत येतात. मुंबईस देवनार येथें १९२७ पासून कचरा टाकला जात आहे. तेथें २०१६ च्या जानेवारींत लागलेल्या आगीचा धूर उपग्रहांतून काढलेल्या चित्रांतहि दिसला आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. माशी व डास यांचें तर सांगावयासच नको. उन्हाळ्यांत घरमाशी अंड्यापासून आठ-दहा दिवसांत पुरी वाढते, आणि घाणीवरून उठून ती ताटावर बसते.

उरुळी देवाची व फुरसुंगी :— पुण्याचा कचरा पूर्वीं कोथरूडास पडत असे. कोथरूड वाढलें, वस्ती डेपोस भिडली, आणि कचरा सासवड रस्त्यावरील उरुळी देवाची व फुरसुंगी या गांवांच्या हद्दींत जाऊं लागला. कोथरूडच्या जुन्या डेपोच्या जागेवर आज मेट्रोगाड्यांचा डेपो उभा आहे. उरुळी-फुरसुंगीचा डेपो सुमारें १६३ एकरांचा. श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी दिवेघाट चढण्यापूर्वीं याच रस्त्यानें जाते, तेव्हां लाखो वारकऱ्यांस येथील वासाचा अनुभव आलेला आहे. वर्षानुवर्षें न निवडलेला कचरा येथें उघड्यावर पडला. विहिरींचें पाणी बिघडल्यानें दोन्ही गांवांस टँकरनें पाणी पुरविण्याची पाळी आली. गांवकऱ्यांनीं वारंवार गाड्या अडविल्या, प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलें. २०१७ च्या एप्रिलांत डेपोस आग लागल्यावर गांवकऱ्यांनीं सुमारें तीन आठवडे शहराचा कचरा येऊं दिला नाहीं. त्या दिवसांत बिबवेवाडीसह सर्व पुण्याच्या चौकाचौकांत कचरा सांचला, आणि शेजाऱ्यानें इतकीं वर्षें काय सोसलें याची थोडी चव शहरास कळली.

आमचा जन्म महसुलाच्या दप्तरांत गेला. सात-बाराच्या उताऱ्यांत क्षेत्र, आकार, खातेदार, पीक व पाण्याचें साधन यांस रकाने आहेत; शेजारच्या ढिगाचा वास किंवा नासलेलें पाणी यांस रकाना नाहीं. त्यामुळें कागदोपत्रीं विहीर आहे, पण तिच्या पाण्यास बैलहि तोंड लावीत नाहीं, असा प्रकार होऊं शकतो. जें दप्तरांत नाहीं तें मागाहून सिद्ध करणें किती कठीण, हें आम्ही जाणतों. पुढील सूचना त्याच अनुभवावरून केल्या आहेत.

पुण्यानें कांहींच केलें नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकारानें १९९३ सालीं कागद-काच-पत्रा वेंचणाऱ्या कष्टकऱ्यांची पंचायत स्थापन झाली. तिच्यांतून निघालेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशीं महानगरपालिकेनें २००८ सालीं करार केला, आणि कचरावेंचक भगिनी घरोघर जाऊन ओला-सुका कचरा निराळा घेऊं लागल्या. शहरांत ठिकठिकाणीं ओल्या कचऱ्यापासून गॅस करण्याचीं लहान केंद्रें झालीं. जुना ढीग उकरून, चाळून, माती, प्लॅस्टिक व दगड निरनिराळे करण्याचें काम उरुळीस हातीं घेण्यांत आलें. परंतु शहराचा रोजचा कचराच २,००० टनांहून अधिक. तीस वर्षें कालविलेलें निवडण्यास जें पैसे व श्रम लागतात, त्यांच्या अल्पांशांत तें स्वयंपाकघरांतच निराळें ठेवतां आलें असतें.

इतर ठिकाणचे दाखले :— औरंगाबाद, म्हणजे आजचें छत्रपति संभाजीनगर, येथील कचरा नारेगांवीं पडे. २०१८ च्या फेब्रुवारींत तेथील गांवकऱ्यांनीं गाड्या अडविल्या आणि उच्च न्यायालयानेंहि तेथें कचरा टाकण्यास मनाई केली. दुसरी जागा शोधतांना मिटमिट्यास मार्च महिन्यांत दंगल उसळली. एका गांवची घाण दुसऱ्या गांवच्या वेशीवर नेणें हा उपाय नव्हे, हें त्यावरून शिकावें. याच्या उलट सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील वेंगुर्ल्याचें उदाहरण आहे. तेथील नगरपरिषदेनें घरोघर कचरा निवडून घेण्याचा कडक शिरस्ता पाडला, ओल्याचा गॅस व खत केलें, प्लॅस्टिक रस्त्यांच्या कामीं लावलें, आणि जुन्या डेपोच्या जागीं बाग उठविली. लहान गांवास जें साधलें तें मोठ्या शहराच्या एकेका पेठेस साधण्यासारखें आहे.

मात्र ‘प्रक्रिया केंद्र’ या नांवावर विसंबून राहूं नये. बाणेर येथील ओल्या कचऱ्याच्या केंद्राविषयीं रहिवाशांनीं वासाची तक्रार केली. हरित लवादानें २०२० सालीं तें हलविण्यास सांगितलें. सर्वोच्च न्यायालयानें २०२४ सालीं तो निर्णय रद्द केला, परंतु केंद्राची वेळोवेळीं तपासणी करण्याचें बंधन घातलें. केंद्र चांगलें कीं वाईट हें त्याच्या नांवावरून नव्हे, रोजच्या राबणुकीवरून ठरतें.

शेतकऱ्यांनीं काय करावें :—

(१) जागा देण्यापूर्वीं विचार करावा. पडीक तुकडा किंवा जुनी खाण भराव टाकण्यास भाड्यानें द्यावी असा मोह होतो. भाडें चार वर्षें मिळेल, ढीग नातवंडांपर्यंत राहील. २०१६ च्या घनकचरा नियमांनीं भरावाच्या जागेसाठीं नदीपासून १०० मीटर, आणि तळें, हमरस्ता, वस्ती व पिण्याच्या विहिरी यांपासून २०० मीटर अंतर घालून दिलें. आपल्या तुकड्यापासून आपल्या व शेजाऱ्याच्या विहिरीचें अंतर आधीं मोजून पाहावें.

(२) गायरान जपावें. सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं गांवच्या सामायिक जमिनींच्या संरक्षणासंबंधानें स्पष्ट निर्णय दिलेला आहे. जागेचा विषय ग्रामसभेंत निघेल त्या दिवशीं घरीं बसूं नये; ठरावांत आपलें म्हणणें शब्दशः नोंदवून घ्यावें व त्याची नक्कल ठेवावी.

(३) पुरावा आधीं तयार करावा. डेपो जवळ येणार असें दिसतांच विहिरीचें पाणी सरकारी प्रयोगशाळेंत तपासून दाखला ठेवावा. पुढें दर वर्षीं, पावसाळ्यापूर्वीं व नंतर, पुन्हां तपासावें. वहींत तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, वास किंवा धूर, व कोणास काय त्रास झाला हें लिहावें. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अर्ज करतांना अशी एक वही शंभर तोंडी तक्रारींहून अधिक काम करते.

(४) शहरी खत पारखून घ्यावें. खत नियंत्रण आदेशांत शहरी कंपोस्टासाठीं धातूंच्या मर्यादा आहेत. किलोमागें शिसें १०० मिलिग्रॅम व कॅडमियम ५ मिलिग्रॅम यांहून अधिक चालत नाहीं. विक्रेत्याकडे तपासणीचा दाखला मागावा. घरचीहि एक परीक्षा आहे. मूठभर खत ओलें करून पिशवींत दोन दिवस बांधून ठेवावें. उघडतांच घाण वास आला तर तें कच्चें समजावें. कुंडींत त्यांत मेथी पेरून पाहावी. चाळणींत कांच व प्लॅस्टिक आढळलें तर तें खत शेतांत नेऊंच नये. कांच मातींत गेली कीं पायांस ती कायमची.

(५) चांगलें खत मागून घ्यावें. निवडलेल्या ओल्या कचऱ्याचें खत घेण्यास गिऱ्हाईक उभें राहिलें तर शहरासहि निवडण्याची गरज वाटेल. सोसायटीनें एकत्र मागणी करावी, आणि अट एकच घालावी: निवडलेलें असेल तर घेऊं.

(६) आपल्या बांधावरचा धूर बंद करावा. शहरास बोल लावतांना आपण उसाचें पाचट, फाटका मल्चिंग कागद, ठिबकच्या जुन्या नळ्या व औषधांच्या बाटल्या बांधावर पेटवितों, हें विसरून चालणार नाहीं. पाचट सरींत कुजवावें, नळ्या भंगारांत द्याव्या, बाटल्या तीनदां धुवून व भोंक पाडून विक्रेत्याकडे परत कराव्या. बिबवेवाडीच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर पहाटे पेटलेला कचरा आणि शिवारांत पेटलेली प्लॅस्टिकची नळी, यांच्या धुरांत कांहीं फरक नाहीं.

शेवटीं एवढेंच सांगावयाचें कीं, उकिरडा वाईट नाहीं, कालविलेला उकिरडा वाईट. आपल्या वाडवडिलांनीं खत होण्याजोगी वस्तु आणि टाकाऊ वस्तु यांतला भेद कोणी न शिकवितां पाळला. तो भेद शहरानें सोडला, त्याचें फळ फुरसुंगीनें भोगलें. आतां गांवेंहि शहरासारखीं वागूं लागलीं आहेत. पिशव्या व बाटल्या गांवोगांवच्या ओढ्यांत दिसतात. प्रत्येक गांवाच्या वेशीवर एकेक लहान उरुळी उभी राहण्यापूर्वीं प्रत्येक घरीं दोन टोपल्या ठेवाव्या, एक खताची व एक भंगाराची. खर्च थोडा आहे, आणि त्याचा लाभ आपल्या विहिरीस, गुरांस व मुलांस होणार आहे.